होडीचं माप घ्या, मग मशीनचं बोला

"होडी किती फुटी आहे?" एवढा एक प्रश्न न विचारता ज्याने ४० अश्वशक्तीचं मशीन विकलं, त्याला मी व्यापारी म्हणत नाही. तो लुटारू आहे. आणि ज्याने ते मशीन मुकाट्याने खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर आणलं, तो माझा सख्खा थोरला भाऊ आहे, म्हणून त्याला चार शब्द कमी बोलावेत असं मला वाटत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर गेली बावीस वर्षं मी आउटबोर्ड मशीनं उघडतोय. त्याआधी आठ वर्षं वडिलांच्या होडीवर जाळी ओढली. मशीन का बिघडलं हे मला आवाजावरून कळतं, आणि मशीन का घेतलं हे मालकाच्या तोंडावरून कळतं. दहांतल्या सात जणांनी शेजाऱ्याने घेतलं म्हणून घेतलेलं असतं. उरलेल्या तिघांना दुकानदाराने सांगितलेलं असतं. होडीला विचारून मशीन घेणारा माणूस वर्षातून एखादा भेटतो, आणि त्याचं मशीन माझ्याकडे क्वचितच येतं.

आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, होडी २६ फुटी. लाकडी, मागाहून वरून फायबर चढवलेली. ती बांधली तेव्हा तिच्यावर वल्ही होती आणि शीड होतं. पुढे मागच्या फळीवर ८ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आलं, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं. त्या छोट्या मशीनवर आमच्या घरातली तीन लग्नं झाली आणि माझं आयटीआय झालं. अठरा वर्षांनी त्याच्या क्रँकशाफ्टचं बेअरिंग गेलं. मी दादाला म्हटलं, होडीला शोभेल असं ९.९ चं बघूया. तो म्हणाला, "सगळे चाळीसच घेतत. आपणच कशाक मागे रवाचा?" मी म्हटलं, "होडी म्हातारी असा, दादा. तिका सोसाचा नाय." दुसऱ्या दिवशी तो शहरात जाऊन दुकानात पैसे भरून आला. दुकानात त्याला सांगितलं होतं की हल्ली चाळिसाच्या खाली कुणी घेतच नाही. निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाची.

पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर होडीत होतो. त्याने मूठ पिळली तशी नाळ वर उठली आणि मागची बाजू खाली बसली. मागे पाण्याचा एक डोंगर उभा राहिला आणि तो आमच्या मागून सुटेना. फळीच्या काठापासून पाणी चार बोटांवर आलं. किनाऱ्यावरची पोरं ओरडत होती, कारण लांबून ते दृश्य वेगाचं वाटतं. ते वेगाचं नव्हतं. होडी स्वतःच्याच लाटेची चढण चढत होती, आणि ती चढण तिला कधीच संपवता येणार नव्हती.

यात न कळण्यासारखं काही नाही. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८७० च्या दशकात टाकीत नौकांच्या प्रतिकृती ओढून लाटांच्या विरोधाचा अभ्यास केला, त्याला आता दीडशे वर्षं झाली. पाणी बाजूला सारत चालणारी होडी स्वतःची लाट निर्माण करते, आणि त्या लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की वेगाला कुंपण लागतं. हिशेब शाळकरी पोराला जमेल असा आहे. होडी पाण्याला जिथे टेकते ती लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. आमची होडी २६ फुटी, पण पाण्याच्या रेघेवर २३ फूट. वर्गमूळ ४.८. गुणाकार ६.४. म्हणजे आबांच्या होडीचा स्वाभाविक वेग साडेसहा नॉटच्या आतला. तो ८ चं मशीन लावून जवळजवळ मिळत होता. ४० लावून त्याच्या पुढे नॉट-दीड नॉट ओढून काढता येतो, पण तो ओढताना जे पेट्रोल जळतं ते पाण्याचा डोंगर उभा करण्यात जातं.

हा कायदा सगळ्या होड्यांना सारखा लागू नाही, हेही सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी मलाच खोटा पाडायला येईल. हलकी फायबरची होडी, तळ मागच्या बाजूला सपाट आणि सरळ, अशी होडी पुरेसा जोर मिळाला की पाण्यावर उचलली जाते आणि मग त्या कुंपणापलीकडे पळते. तिला २५ किंवा ४० लावणं शहाणपणाचं असू शकतं. आपली होडी कुठल्या जातीची हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. होडी वाळूवर ओढलेली असताना तिच्या तळाला मागच्या सहा-आठ फुटांत एक सरळ पट्टी लावा. पट्टी शेवटपर्यंत टेकून राहिली तर तळ सपाट आहे. तळ मागे वर उचलला असेल, पट्टीखाली फट दिसत असेल, तर ती होडी चालणारी आहे, पळणारी नाही. वल्ह्या-शिडाच्या काळात बांधलेल्या बहुतेक सगळ्या होड्या अशाच आहेत. त्यांच्या कारागिरांनी त्या कमी जोरात पाणी कापण्यासाठी घडवल्या. त्यांच्या मागे ४० लावणं हा त्या कारागिराच्या हाताचा अपमान आहे.

तिसऱ्या आठवड्यात मशीनच्या पकडीखाली फळीला केसाएवढी चीर दिसली. दादा म्हणाला, रंग गेलाय. मी हातोडी घेतली. फळीच्या कडेला ठोकलं की टक्-टक् असा कोरडा आवाज येत होता. मशीनच्या खाली आलो आणि आवाज बसका झाला, ओल्या गोणीवर मारल्यासारखा. मग बारीक ड्रिल लावलं. दोन सूत आत गेल्यावर बिटावरून पांढरा कोरडा भुसा यायचा थांबला आणि तपकिरी ओला चिखल यायला लागला. त्याला कुजक्या पेंढ्याचा वास होता. जुन्या मशीनच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी फायबरच्या आत मुरत होतं आणि आतलं लाकूड गप्पपणे कुजत होतं. ८ चं मशीन तीसेक किलोचं, म्हणून ती फळी तगून होती. हे ४० चं टू-स्ट्रोक सत्तर किलोच्या पुढचं. फोर-स्ट्रोक घेतलं असतं तर शंभराच्या आसपास. आणि वजन हा एक भाग झाला. मूठ पिळल्यावर फळीला जो रेटा बसतो तो आधीच्या चार-पाच पट. तीन माणसं समुद्रात सहा मैलांवर असताना ती फळी सुटली असती तर आज मी हा लेख लिहीत नसतो, दादाच्या नावाने पंचनाम्यावर सही करत असतो.

मशीन विकणाऱ्याने फळी पाहिली होती का? त्याने होडीच पाहिली नव्हती. जुन्या गाडीला टायर बसवणारासुद्धा आधी रिम बघतो. लाखो रुपयांचं यंत्र ज्या फळीवर टांगायचं ती फळी पाहायला किनाऱ्यावर यायची ज्याला लाज वाटते, त्याने हा धंदा सोडून द्यावा.

आता पंख्याचं बोलू, कारण इथे तर शुद्ध अडाणीपणा विकला जातो. मशीनबरोबर खोक्यात जो पंखा येतो तो हलक्या, पळणाऱ्या बोटीचा असतो. हिशेब मांडा. ९.९ चं साधं मशीन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय. आतला गिअर साधारण २.०८ ला १, म्हणजे पंखा २,४०० फेरे घेतो. पंख्याचा पिच ९ इंच, म्हणजे एका फेऱ्यात तो ९ इंच पुढे सरकायला बघतो. गुणाकार केला तर पंखा जवळजवळ १८ नॉटने पुढे जायला निघालाय, आणि होडी चालतेय ६ ने. मधला सगळा फरक म्हणजे नुसतं पाणी घुसळणं. जड आणि संथ होडीला व्यासाने मोठा आणि पिचने कमी असा पंखा लागतो, आणि तो संथ फिरवणारा गिअर लागतो. असे जास्त रेटा देणारे ९.९ चे प्रकार कंपन्या बनवतात. त्यांत गिअर ३ ला १ च्या जवळ असतो आणि ते जड बोटींसाठीच असतात. बावीस वर्षांत एकाही दुकानदाराने माझ्यासमोर गिऱ्हाइकाला त्यांचं नाव सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते मागवावं लागतं, थांबावं लागतं. ४० चं खोकं मात्र दारातच उभं असतं.

पंखा चुकला की मशीन दोन रीतींनी मरतं. पिच जास्त असला तर पूर्ण मूठ पिळूनही फेरे चढत नाहीत, मशीन धापा टाकत चालतं, कार्बन साठतो, पिस्टन तापतो. पिच फारच कमी असला तर फेरे हाताबाहेर जातात. म्हणून नवं मशीन बसवल्यावर भरल्या होडीवर, जाळी आणि माणसं आत असताना, पूर्ण मुठीवर फेरे मोजले पाहिजेत. पुस्तकात फेऱ्यांची जी हद्द दिली आहे तिच्या वरच्या टोकाजवळ ते यायला हवेत. पिच एक इंचाने कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात, या अंदाजाने पंखा बदलायचा. फेरे मोजायचं छोटं यंत्र एका दिवसाच्या पेट्रोलच्या भावात येतं. ते दुकानाने द्यायला हवं, निदान लावून दाखवायला हवं. आमच्याकडे मशीन बोल्टने आवळलं, दोरी ओढून आवाज काढला, नारळ फोडला आणि बिल हातात दिलं की विक्री संपते.

पैशाचं सांगतो, कारण शेवटी दुखतं ते तिथे. पूर्ण मुठीवर पेट्रोल मशीन दर १० अश्वशक्तीमागे तासाला ढोबळमानाने पावणेचार-चार लिटर पितं. जुन्या पद्धतीचं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक त्याहून जास्त. दादाची जागा सहा मैलांवर. जाऊन येऊन बारा. ९.९ ने दोन तास आणि ८ लिटर. ४० ने होडी धापा टाकत ८ नॉटने नेली तर दीड तास आणि २२ लिटर. अर्धा तास वाचवायला १४ लिटर. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरा, ३५० लिटर फुकट गेले. ही रक्कम मासळीच्या भावातून येत नाही. ती मुलांच्या फीमधून येते, वैनीच्या अंगावरच्या दागिन्यातून येते, आणि शेवटी खलाशाच्या वाट्यातून येते.

त्यावर मला ऐकवलं जातं की मग ४० चं हळू चालवायचं. मग ४० घेतलं कशाला? हळू चालणारं मोठं टू-स्ट्रोक प्लग काळे करतं, तेल जाळत नाही, थुंकतं. आणि न वापरलेल्या ३० अश्वशक्तीचं व्याज बँक सोडून देत नाही. वेग थोडा आवरला तर बचत किती होते तेही ऐका. लागणारा जोर वेगाच्या घनाने वाढतो. वेग १० टक्के कमी केला की जोर २७ टक्के कमी लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने छोट्या मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये पुस्तिका काढल्या. दोन्हींत भर एकाच गोष्टीवर आहे, वेग आवरा. हे ज्ञान आमच्या किनाऱ्यावर पोचवणं ज्यांचं काम आहे, ते मेळाव्यात हार घालून घेतात आणि जेवून जातात.

दुसरा मुद्दा माझ्यावर नेहमी फेकला जातो तो वादळाचा. वारा सुटला तर मोठं मशीन जीव वाचवतं म्हणे. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. त्यात गेलेल्या नौकांत मोठ्या इंजिनाच्या यांत्रिक नौकाही होत्या. उधाणलेल्या समुद्रात पूर्ण मूठ कुणी पिळत नाही. तिथे उपयोगाला येतं ते पहिल्या ओढीत सुरू होणारं मशीन, पाण्यात पुरेसा खोल राहणारा पंखा, कोरडी फळी, काठापर्यंत उरलेली उंची आणि होडीतली वल्ही. जड मशीन टांगून ज्याने मागची बाजू आधीच खाली बसवली, त्याच्या होडीत मागून येणारी पहिलीच लाट शिरते. राखीव जोर हवाच, पण त्याला माप आहे. भरलेल्या होडीच्या दर टनामागे चार-पाच अश्वशक्ती धरली तर चालणाऱ्या होडीला राखीव जोरासकट पुरते. आमची होडी माणसं, जाळी, बर्फ धरून दोन टनांची. ९.९ पुरे, फार तर १५. आणि लक्षात घ्या, कित्येक कंपन्यांचं ९.९ आणि १५ हे एकाच धडाचं असतं, वजनही जवळपास तेच. ज्याला धीर हवा त्याने १५ घ्यावं. ४० मध्ये धीर नाही, ओझं आहे.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मासळी लांब गेली. जो बांगडा आबांना दोन मैलांवर मिळायचा तो आता सहा-आठ मैलांवर शोधावा लागतो, आणि तिथे पोचायला उशीर झाला तर दुसरा उचलून नेतो. म्हणून पोरं अश्वशक्तीच्या मागे लागतात. पण मासळी लांब कुणी नेली? पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडीच्या दिव्यांनी. सागरी मासेमारी नियमन कायदा महाराष्ट्रात १९८१ पासून आहे आणि २०२१ मध्ये तो आणखी कडक केला. पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०१६ चा आहे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी २०१७ ची आहे. एवढे कागद असताना रात्री किनाऱ्यावरून बघितलं तर समुद्रात दिवाळी दिसते. कायदा राबवला जात नाही, त्याचा दंड छोट्या होडीवाला रोज पेट्रोलने भरतो. आणि तो दंड भरायला आम्ही मोठं मशीन घेतो, म्हणजे चोराशी शर्यत लावायला कर्ज काढतो. २६ फुटी होडी ४० लावून पर्ससीनला कधी गाठणार आहे? ही शर्यत पाण्यावर जिंकता येत नाही. ती तहसीलदाराच्या, मत्स्य खात्याच्या आणि आमदाराच्या दारात लढावी लागते. त्या दारात उभं राहायला किनाऱ्यावरून पाच माणसं येत नाहीत, मशीनच्या दुकानात रांग लागते.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर आमच्याकडे नाक्यानाक्यावर पैजा लागतात. माझं मत सरळ आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेल आणि पेट्रोल एकत्र जातं, आणि त्यातला पंचवीस ते तीस टक्के भाग न जळताच बाहेर पडतो. मशीनमागे पाण्यावर जो इंद्रधनुष्यी तवंग दिसतो तो तुमच्या खिशातला पैसा आहे, आणि तो त्याच पाण्यात पसरतो जिथे मासळीची अंडी तरंगतात. टू-स्ट्रोक हलकं असतं, वाळूवर उघडता येतं, हे खरं. रॉकेलवर चालणाऱ्याची तर एकेकाळी चैन होती. पण अनुदानाचं रॉकेल गेलं, बाजारभावाच्या रॉकेलने कार्बनच जमतो. आज नवं मशीन घेणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावं, लहान घ्यावं, आणि दर १०० तासांनी तेल बदलायची शिस्त अंगी बाणवावी. ज्याला ती शिस्त नको त्याने मशीनला शिव्या देऊ नयेत.

पेट्रोलचं सांगताना माझा आवाज चढतो. इथेनॉल २० टक्के मिसळायचं लक्ष्य सरकारने २०३० वरून २०२५ वर आणलं आणि ते गाठलंही. गाड्यांच्या कंपन्यांना तयारीची मुदत मिळाली, चर्चा झाल्या, वर्तमानपत्रं भरली. होडीच्या मशीनचा एका ओळीत तरी उल्लेख कुणी केला? माझ्या दुकानात आउटबोर्डची जितकी पुस्तकं आहेत त्या सगळ्यांत छापलंय की १० टक्क्यांच्या वर इथेनॉल असलेलं पेट्रोल वापरू नका. अमेरिकेने १५ टक्क्यांच्या पेट्रोलला नव्या मोटारींसाठी परवानगी दिली तेव्हा बोटींची मशीनं त्यातून स्पष्टपणे वगळली आणि पंपावर तशी चिठ्ठी लावायला लावली. आमच्या पंपावर चिठ्ठी नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि समुद्रावरच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत ओलावा कमी पडत नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. टाकीची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि सिलिंडरमध्ये जातं तेलाशिवायचं पाणी. गेल्या वर्षभरात जाम झालेले पिस्टन घेऊन जे लोक माझ्याकडे आले, त्यांच्यातल्या किती जणांच्या टाकीतून मी काचेच्या बरणीत दोन थर वेगळे करून दाखवले! मालक त्या बरणीकडे बघत राहतो आणि विचारतो, मग आम्ही काय घालायचं? याचं उत्तर द्यायची जबाबदारी ज्याने पेट्रोल बदललं त्याची आहे. बंदरांवरच्या पंपांवर होडीच्या मशीनला चालेल असं पेट्रोल द्या, नाहीतर हे मशीन २० टक्क्यांवर चालतं असं कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय ते विकायची मुभा देऊ नका.

तोवर स्वतःची राखण स्वतः करा. दोन-तीन दिवस पुरेल एवढंच पेट्रोल आणा. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत मशीन उभं राहणार असेल तर कार्बोरेटर पूर्ण रिकामा करा. ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं त्या दोन महिन्यांच्या शिळ्या पेट्रोलने मेलेली असतात.

योजनांबद्दल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याचं सूत्र आहे. पैसा सरकारने द्यावा, द्यायलाच हवा. माझा राग दुसरीकडे आहे. मशीनच्या मदतीसाठी भरलेले जे अर्ज लोकांनी माझ्याकडे आणून दाखवले, त्यातल्या प्रत्येकाला कोटेशन जोडलेलं होतं, पण फळीची तपासणी कुठेच नव्हती. होडीची लांबी नोंदणीच्या पुस्तकात असते. ती मशीनच्या अश्वशक्तीशी ताडून बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सरकारचा पैसा आणि मच्छीमाराचं कर्ज दोन्ही मिळून एका कुजक्या फळीवर टांगले जातात आणि वर्षअखेरीला अहवालात एक मशीन वाढतं. मदत अश्वशक्तीला देऊ नका. होडीला द्या. आधी फळी नवी करायला, मग पंखा योग्य बसवायला, मग मशीनला.

ज्यांना या हंगामात मशीन बदलायचंच आहे त्यांना माझं सांगणं ऐका. फळी हातोडीने वाजवा आणि शंका आली तर भोक पाडून बघा. ओली असेल तर मशीनचा विषय बंद करून आधी सुताराला बोलवा. फळीच्या वरच्या काठापासून तळापर्यंतचं अंतर मोजा. १५ इंचांच्या आसपास असेल तर आखूड शाफ्ट, २० च्या आसपास असेल तर लांब. पंख्यावरची आडवी पत्री होडीच्या तळाच्या रेघेत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो आणि मशीन किंचाळतं, फार खाली गेली तर नुसती ओढ वाढते. होडीचं भरलेलं वजन काढा, टनाला चार-पाच अश्वशक्तीने गुणा. मग सुट्या भागांची चौकशी करा. इम्पेलर, पंख्याची पिन, कार्बोरेटरचं किट तालुक्याच्या गावात मिळत नसेल तर ते मशीन कितीही नावाजलेलं असो, घेऊ नका. ज्या एव्हिनरूडच्या नावाने १९०९ पासून आउटबोर्ड जगभर विकलं गेलं, त्या नावाची मशीनं बनणं २०२० मध्ये थांबलं. नाव पुरत नाही, भाग पुरतात.

आणि रोज किनाऱ्यावर आल्यावर मशीनमधून गोडं पाणी फिरवा. पिचकारीतून पाण्याची धार नीट पडतेय का बघा. झिंकचा तुकडा झिजला की बदला. गिअरचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर सील फुटलंय, त्याच दिवशी उघडा. दहा मिनिटांचं हे काम न करणारा माणूस ४० घेऊन श्रीमंत होत नाही आणि ९.९ घेऊनही वाचत नाही.

आबांच्या होडीची फळी आम्ही पावसाळ्यात नवी केली. जुनं लाकूड पूर्ण काढलं, जागा सुकवली, नवं बसवलं, बोल्टांची भोकं आतून बंद केली. तिच्यावर आता ९.९ आहे, लांब शाफ्टचं, कमी पिचच्या पंख्याचं. दादा सकाळी पंधरा मिनिटं आधी निघतो. ४० चं मशीन माझ्या दुकानात ताडपत्रीखाली आहे. घेतलं त्याच्या निम्म्या किमतीलाही कुणी मागत नाही, आणि त्याचे एकोणीस हप्ते अजून बाकी आहेत.

ताडपत्रीच्या वरच्या खिळ्याला मोजायची फीत टांगलेली आहे, बाजूला हातोडी आहे. दोन्ही फुकट न्या, वापरा आणि परत आणून ठेवा. पण पैसे भरायच्या आधी न्या.